जुन्या साप्ताहिकांतल्या विवाह-निधन वार्तांची कात्रणं: टिकवायची कशी आणि कुळवृत्तांतासाठी वाचायची कशी?

मिठबाव_माहेर

नमस्कार. आजोळच्या माळ्यावरच्या ट्रंकेत १९३० ते १९६५ च्या दरम्यानचे साप्ताहिकांचे सुटे अंक आहेत. बरेचसे सावंतवाडीच्या 'वैनतेय'चे, काही रत्नागिरीच्या 'बळवंत'चे. सोबत एक जाड कात्रणवही आहे. तीत गावोगावच्या वार्तांमधले विवाह, मुंजी, निधन, मॅट्रिकचे निकाल, बदल्या, आभार असं सगळं खळीने चिकटवलेलं आहे आणि काही ठिकाणी वरून सेलोटेप लावलेली आहे. निम्म्याहून जास्त कात्रणांवर ना वृत्तपत्राचं नाव, ना तारीख.

कागद तपकिरी झालाय आणि घडीवर तुटतोय. पाऊस लागायला दोन महिने आहेत. झेरॉक्सवाले लॅमिनेशन करा म्हणतात, घरचे डांबरगोळ्या टाका म्हणतात. मला यातून चार पिढ्यांच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या तारखा आणि नातीगोती काढायची आहेत, पण मूळ कागदही जायला नको आहेत. सुरुवात कुठून करू?

---

जुना_कागद

ताई, लॅमिनेशन अजिबात नको. त्यात उष्णता आणि डिंकासारखा थर कागदात कायमचा मुरतो, नंतर काढता येत नाही. कागदातलं आम्ल आतच राहतं आणि कागद प्लास्टिकच्या आत पिवळा पडत, चुरत जातो. डांबरगोळ्याही नकोत. कसर-झुरळांवर त्यांचा उपयोग तोकडा आणि बंद ट्रंकेतली ती वाफ माणसाला वाईट. बुरशीला तर त्या रोखतच नाहीत.

वृत्तपत्राचा कागद लाकडाचा लगदा यांत्रिकपणे दळून करतात, त्यामुळे लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि आम्ल कागदाचे धागे तोडतं. हे थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी फोटो, मग साफसफाई, मग साठवण. हात लावण्याआधी फोटो, कारण घडी उलगडतानाच तुकडे पडतात आणि नेमकी घडीवरचीच ओळ जाते.

सफाई कोरड्या दिवशी, मोकळ्या हवेत, पण उन्हात नाही. पंखा बंद. मऊ, रुंद ब्रशने मधून कडेकडे झाडायचं. हिरवट-काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर ती बुरशी समजा. एन-९५ मास्क घालून घराबाहेर झाडा आणि तो ब्रश पुन्हा चांगल्या कागदांना लावू नका. ओल्या फडक्याने पुसलंत तर बुरशी आत घासली जाते आणि पाण्याची तपकिरी रेघ कायमची राहते.

कसर किंवा वाळवीची शंका असेल तर कागद आधी पूर्ण कोरडे हवेत. जाड पॉलिथिन पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. साध्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका, तिथलं तापमान खालीवर होतं. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण २४ तास उघडायची नाही. नाहीतर हवेतलं पाणी थेट कागदावर जमतं आणि कीड गेली तरी बुरशी येते.

साठवणीत आपल्याकडचा खरा शत्रू दमटपणा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशी धरते आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ ८५ च्या पुढे असते. म्हणून डबे मार्च-एप्रिलमध्ये भरायचे, जुलैत नाही. जुलैत भरलेला घट्ट झाकणाचा डबा म्हणजे आत ओल कोंडून ठेवणं. अंक शक्यतो उलगडून सपाट ठेवा. दर दहा-बारा पानांमागे आम्लरहित कागदाचं एक पान, बाहेरून आम्लरहित पुठ्ठ्याचं फोल्डर. पारदर्शक पिशवी हवीच असेल तर पॉलिएस्टरची घ्या. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीव्हीसीच्या फायलींतून कालांतराने चिकट द्रव्य आणि आम्ल सुटतं, शाई त्या प्लास्टिकला चिकटते.

५० लिटरच्या घट्ट डब्यात अर्धा ते एक किलो सिलिका जेल कापडी पिशवीत, कागदाला न टेकता. रंग बदलणारं घ्या, म्हणजे भरलेलं कळतं. १०० ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५५ मध्ये हवा. फार कोरडंही नको, कागद आणखी कडक होतो. डबा बाहेरच्या भिंतीला टेकून नको, जमिनीवर नको, आणि नळ्यांखालचा माळा तर नकोच. नदीकाठच्या घरात पहिल्या मजल्याच्या खाली काही ठेवू नका. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय.

फाटलं असेल तर जपानी टिश्यू आणि पातळ गव्हाच्या सत्त्वाची खळ, किंवा मिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारा सौम्य चिकट पदार्थ). फेव्हिकॉल, सेलोटेप, स्टेपल यांपैकी काहीही नाही. जुनी सेलोटेप घरी ओढू नका. तिचा चिकटा कागदात उतरलेला असतो, तो द्रावकाने काढायचं काम संवर्धकाचं.

---

छायाचित्र_विभाग

फोटोबद्दल मी लिहितो, कारण मोबाइलवर अख्खं पान एका फोटोत घेतलं की पुढे सगळं अडतं.

हिशोब बघा. समजा पान ४० × ५५ सेंमी आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० बिंदूंचा. अख्खं पान घेतलं तर इंचाला जेमतेम १८० बिंदू मिळतात. विवाहवार्तांचा बारीक टाइप त्यात वाचता येतो, पण अनुस्वार, रफार आणि '३' की '२' हे पुसट होतं. इंचाला ३०० हे किमान धरा. तेच पान चार भागांत, प्रत्येक भाग दुसऱ्यावर तीन-चार सेंमी चढवून घेतलं तर ३०० च्या वर जातं. शिवाय आधी अख्ख्या पानाचा एक फोटो हवाच, कोणता तुकडा कुठला हे त्यावरून कळतं. ५० मेगापिक्सेल लिहिलेल्या फोनवर भरवसा ठेवण्याआधी एक पान घेऊन पडद्यावर मोठं करून बघा. बिंदू वाढतात, तपशील तेवढा वाढेलच असं नाही.

फोन कागदाला अगदी समांतर, स्टँडवर, टायमर लावून. फ्लॅश बंद. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखे दिवे, किंवा दुपारी पडवीतली सावली. पानाखाली काळा कागद घाला. पातळ वृत्तपत्रात मागची छपाई आरपार दिसते, काळ्याने ती बरीच दबते. वळलेल्या पानावर कडा घासलेली ४ मिमीची साधी काच ठेवा. ॲक्रिलिक नको. त्यावर स्थिर वीज असते आणि चुरलेले तुकडे उचलून घेते. बाजूला सेंटिमीटरची पट्टी दिसू द्या.

प्रत्येक अंकाची सुरुवात शीर्षकपट्टीच्या फोटोने करा. नाव, वर्ष, अंक, वार, तारीख, तिथी हे सगळं तिथेच असतं. फाईलला नाव देताना तारीख वर्ष-महिना-दिवस अशी: वैनतेय_१९३७-०५-१८_पान३_स्तंभ२. आपोआप क्रमाने लागतं. देवनागरी नावं काही जुन्या प्रणालींत बिघडतात, म्हणून वेगळ्या तक्त्यात क्रमांक आणि पूर्ण नाव दोन्ही लिहा. मूळ फाईल टिफमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या रॉमध्ये (यांत तपशील दाबला जात नाही), कामाला जेपीजी. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक किनाऱ्यापासून लांब, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे.

बांधीव वार्षिक खंड असेल तर तो पूर्ण सपाट दाबू नका, पाठ फुटते. दोन्ही बाजूंना गुंडाळलेलं कापड ठेवून साधारण १२० अंशच उघडा आणि एका वेळी एकाच बाजूच्या पानाचा फोटो घ्या.

---

मिठबाव_माहेर

दोघांचे मनापासून आभार. लॅमिनेशन बाद. वहीचं काय करू? खळीने चिकटवलेली कात्रणं पाण्याने सुटतात असं ऐकलंय. आणि तारीख नसलेल्यांना तारीख लावायचा काही मार्ग?

---

जुना_कागद

सोडवू नका. खळ पाण्याने सुटते हे खरं, शाईही तेलाची असल्याने फारशी पसरत नाही. पण ओला जुना वृत्तपत्राचा कागद स्वतःच्या वजनाने तुटतो. शिवाय वहीचा क्रमही पुरावा आहे. ज्याने चिकटवलं त्याने बहुधा आल्या क्रमाने चिकटवलं, म्हणजे तारीख असलेल्या दोन कात्रणांच्या मधलं कात्रण त्या दोन तारखांच्या मधलं असण्याची शक्यता मोठी. वही आहे तशी पानापानाने टिपा, पानांमध्ये आम्लरहित टिश्यू घाला, वही आडवी ठेवा.

---

तिथीवार

तारखेसाठी आधी मागची बाजू. सुटं कात्रण असेल तर पांढऱ्या उजळ पडद्यावर ठेवा, आणि वहीत नुसती वरची कड चिकटवलेली असेल तर ती हलकेच उचलून मागून उजेड द्या. उलटा फोटो सॉफ्टवेअरने आरशासारखा पालटला की मागच्या जाहिराती, बाजारभाव, आगबोटीच्या वेळा, युद्धाच्या बातम्या वाचता येतात. कोणता नाटक-सिनेमा लागलाय, मॅट्रिकचा निकाल आहे का, यावरून वर्ष आणि ऋतू सापडतो.

आता मजकुरातली तारीख. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात.

शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, हे फक्त चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत खरं. १ जानेवारीनंतरचा पौष, माघ, फाल्गुन असेल तर ७९ मिळवायचे. शके १८६९ च्या माघातलं लग्न १९४८ मधलं, १९४७ मधलं नव्हे. एक वर्षाची ही चूक छापील कुळवृत्तांतांतही भेटते.

अधिक महिना तपासा. शके १८६९ मध्येच श्रावण दोन होते. 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, ती आषाढ अमावास्या. दुसऱ्या दिवसापासून अधिक श्रावण लागला, तो १६ ऑगस्टपर्यंत. नेहमीचा श्रावण त्याच्या नंतर. म्हणून त्या वर्षीच्या 'श्रावण शु. ५' ला नुसतं पाहून तारीख लावली तर महिनाभर चुकेल. त्या साली रेवस-अलिबागकडच्या घरात कोणाचं जाणं झालं असेल तर जुलै-ऑगस्टचे अंक एकूण एक बघा.

आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. उत्तरेतल्या नातलगांच्या पत्रिकेतला किंवा तीर्थोपाध्यायांच्या वहीतला महिना पौर्णिमान्त असू शकतो. वद्य पक्षातल्या तिथीला तिथे पुढच्या महिन्याचं नाव असतं, तिथी तीच.

दिवस सूर्योदयाला सुरू होतो. 'सोमवारी रात्रौ ३ वाजतां देवाज्ञा झाली' असं छापलं असेल तर इंग्रजी तारीख मंगळवारची. सरकारी नोंदीत आणि वृत्तात एका दिवसाचा फरक दिसला तर बहुतेक वेळा कारण हेच, कोणी चुकलेलं नसतं.

साप्ताहिक असल्यामुळे 'गेल्या गुरुवारीं' म्हणजे अंकाच्या तारखेच्या आधीचा गुरुवार, की मजकूर पाठवला त्याच्या आधीचा, हे सांगता येत नाही. बातमीदार गावातून टपालाने मजकूर पाठवायचा. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आगबोट बंद असायची, तेव्हा मुंबईत वारलेल्या चाकरमान्याची बातमी दोन-तीन आठवड्यांनीही छापून यायची. अशा ठिकाणी तारीख 'अमुकच्या आधी' अशीच नोंदवा. उत्तरकार्याची सूचना असेल तर तेरावा दिवस धरून मागे मोजा. वर्षश्राद्धाच्या सूचनेत तिथी असते, ती आदल्या वर्षीच्या पंचांगात बघायची. मृत्यूची इंग्रजी तारीख सूचनेतल्या दिवसापेक्षा साधारण अकरा दिवस पुढे पडते. मधे अधिक महिना आला असेल तर सुमारे एकोणीस दिवस मागे. जुनं पंचांग नसेल तर संगणकावरचं चालेल, पण वाराशी ताळा करूनच.

---

वाडवडील

तिथीवार यांच्यापुढे नावांबद्दल, कारण स्त्रियांचा धागा तिथेच तुटतो.

एकाच बाईचं नाव तीन तऱ्हेने येतं. विवाहवार्तेत माहेरच्या नावाने 'चि. सौ. कां. कमल', नंतर सासरच्या नावाने 'सौ. रमाबाई', निधनवार्तेत 'गं. भा. रमाबाई'. लग्नात नाव बदललेलं असल्यामुळे कमल आणि रमाबाई एकच हे फक्त विवाहवार्तेवरून किंवा माहेरच्यांनी दिलेल्या आभारावरून कळतं. म्हणून ज्या वार्तेत 'अमक्यांची कन्या, तमक्यांची सून' असं दोन्ही आहे ती सोन्यासारखी जपा. 'यांच्या मातोश्री', 'यांच्या भगिनी' एवढंच छापलेलं असेल आणि बाईचं नावच नसेल तर नावाची जागा मोकळी ठेवून नातं नोंदवा, अंदाजाने नाव भरू नका.

आडनावांचंही तसंच. एकाच घराण्यातले लोक हुद्द्यावरून खोत, देसाई, सरदेसाई, प्रभू असं लावत, मुंबईत गेल्यावर गावावरून 'कर' लावत. शोधताना गाव धरून शोधा, आडनाव धरून नाही. तक्त्यात दोन रकाने करा: 'छापल्याप्रमाणे' आणि 'आज ठरवलेलं'. पहिल्यात एक कानाही दुरुस्त करायचा नाही.

जिल्ह्यांची नावं त्या काळातली वाचा. मालवण, देवगड, वेंगुर्ले १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात. कुडाळ १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सावंतवाडी संस्थानात. रायगडच्या जागी कुलाबा. सरकारी दप्तर त्याच विभागणीने लावलेलं असतं, म्हणून वार्तेतला त्या वेळचा तालुका उतरवून घ्या.

मजकूर संगणकाला वाचायला लावायचा असेल तर टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे, गूगल ड्राइव्हमध्येही होतं. दोन्ही जुन्या खिळ्यांच्या छपाईवर अडखळतात, जोडाक्षरं सर्वात आधी जातात. १९६२ च्या लेखननियमांआधीचा मजकूर 'झालें', 'त्यांनीं', 'घरीं' असा अनुस्वारांसकट आहे. शोध दोन्ही रूपांनी घ्या. काही मजकुरात 'अि', 'अु' असे स्वर येतील, ती लिपिसुधारणेची छपाई. नावांची यादी मात्र डोळ्यांनी वाचूनच करा.

आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. या वार्ता समाजाचा आरसा नाहीत. वर्गणीदार, वकील, मास्तर, व्यापारी, खोत यांच्याच घरच्या मुंजी-लग्नं छापून येत. कुळवाडी, गाबीत, भंडारी, महार कुटुंबांचे धागे या रकान्यात सापडले नाहीत म्हणून शोध सोडू नका. त्याच अंकांत शाळांचे निकाल, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांच्या देणगीदारांच्या याद्या, ज्ञातिसभांचे वृत्तान्त, सैन्यातल्या बढत्या, आणि मागच्या पानावरच्या जाहीर नोटिसा बघा. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याच्या पुढेमागे जमिनीच्या वादांच्या नोटिसांत भाऊबंदांची नावं ओळीने येतात, कधी तीन पिढ्यांची. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची बाप्तिस्मा-विवाह रजिस्टरं वृत्तपत्रापेक्षा भरवशाची.

वार्ता हा दुसऱ्या हाताचा पुरावा आहे. जुळवा गाव नमुना १४ शी, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूशी, शाळेच्या जनरल रजिस्टरशी आणि वारसाच्या फेरफाराशी, म्हणजे जमिनीच्या दप्तरात वारसांची नावं लावल्याच्या नोंदीशी. फेरफार मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीही होतो, त्यावरची तारीख मृत्यूची समजू नका.

---

ग्रंथालय_सेवक

तुमच्याकडे नसलेले अंक शोधायला आधी जुनी वाचनालयं. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय. १९५६ नंतरच्या अंकांसाठी एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतलं मध्यवर्ती ग्रंथालयही विचारा. प्रकाशनांची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देण्याचा १९५४ चा कायदा त्या वर्षी वृत्तपत्रांनाही लागू झाला. अमुक आडनावाचं काही आहे का असं विचारू नका, कोणी शोधून देणार नाही. वृत्तपत्र, वर्ष आणि चार-सहा आठवड्यांचा पट्टा लिहून द्या. खंड नाजूक असेल तर फोटोसाठी लेखी परवानगी मागा, फ्लॅश वापरणार नाही हेही त्यात लिहा. झेरॉक्स यंत्रावर बांधीव खंड पालथा घालायचा आग्रह धरू नका, पाठ तिथेच मोडते.

आणि मुंबईत स्थायिक शाखेसाठी मुंबईची दैनिकंही बघा. गावचं साप्ताहिक एका ओळीत संपवतं ती निधनवार्ता तिथे चार ओळींची असते.

---

मिठबाव_माहेर

शेवटचं एक. हे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि पुढे संकेतस्थळावर टाकले तर चालतील का?

---

ग्रंथालय_सेवक

स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत काढणं कायद्यात बसतं. प्रसिद्ध करायचं तर लेखकाचं नाव नसलेल्या मजकुराचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजून. म्हणजे तुमच्या १९६५ पर्यंतच्या बिननावी वार्ता आता मोकळ्या आहेत. नावानिशी छापलेल्या लेखाला मात्र लेखकाच्या मृत्यूपासून ६० वर्षं लागतात. १९६० च्या दशकात मुंज किंवा लग्न झालेली माणसं आज हयात असू शकतात. त्यांची जन्मतारीख, पत्ता, फारकतीच्या किंवा दत्तकाच्या नोटिसा त्यांना किंवा मुलांना विचारल्याशिवाय उघड्यावर टाकू नका. ग्रुपवर जेपीजी टाकताना प्रत्येकाखाली वृत्तपत्र, तारीख, पान, स्तंभ लिहा आणि फोटोतच शीर्षकपट्टी जोडा. व्हॉट्सॲपवर फाईलचं नाव बदलतं आणि चित्र दाबलं जातं, म्हणून मूळ फाईल हवी असणाऱ्याला ड्राइव्हची लिंक द्या.